बुद्धाच्याही मागे, वरच्या पायरीवर एक कोठार : हेइन्सा पाहायला जाताना

दक्षिण कोरियातल्या कुठल्याही डोंगरी देवळात गेलात की वाट चढत चढत मुख्य बुद्धमंदिरापाशी पोचते, आणि बहुतेकांची यात्रा तिथे संपते. गायासान डोंगरावरच्या हेइन्सामध्ये ती संपत नाही. बुद्धमंदिराच्या मागे आणखी एक उभा जिना आहे. तो चढून गेलं की समोर येतं एक लांबलचक लाकडी कोठार. रंग नाही, नक्षी नाही. कौलारू छप्पर, पांढऱ्या भिंती आणि उभ्या गजांच्या खिडक्या, बस्स. आत ८१ हजारांहून जास्त कोरीव लाकडी फळ्या गेली सहाशे वर्षं उभ्या आहेत, आणि आजही त्यांच्यावरून छपाई करता येते.

हे आधी माहीत नसेल तर हेइन्सा वीस मिनिटांत पाहून होतं. गजांतून आत डोकवायचं, अंधारात काही दिसत नाही म्हणायचं आणि परतीची बस पकडायची. माहीत असेल तर अर्धा दिवस पुरत नाही.

बुद्धाच्या वरची जागा कोठाराला का दिली, याचं उत्तर ‘बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि’ म्हणणाऱ्या कुणालाही पटकन कळेल. कोरियात या तीन रत्नांची तीन देवळं मानली जातात. थोंगदोसा हे बुद्धरत्नाचं. तिथे बुद्धाचे अवशेष आहेत असं मानतात, म्हणून मुख्य मंदिरात मूर्तीच ठेवलेली नाही. सोंग्वांगसा हे संघरत्नाचं, कारण तिथून पिढ्यान्‌पिढ्या मोठे भिक्खू घडले. हेइन्सा हे धम्मरत्नाचं, कारण धम्माचा सगळा मजकूर तिथे लाकडावर कोरून ठेवलाय. मग धम्म वर आणि बुद्धमूर्ती त्याच्या खाली, ही मांडणी आपोआप येते.

डोंगरांची नावंही ओळखीची निघतात. थोंगदोसाच्या डोंगराचं नाव ‘योंगचुकसान’, म्हणजे राजगृहाजवळचा गृध्रकूट. गायासान हे नाव बुद्धगयेवरून आलं असं एक मत आहे आणि प्राचीन गाया राज्यावरून आलं असं दुसरं. इथल्या एका शिखराचं नाव मात्र सांगवांगबोंग, म्हणजे ‘गजराजाचं शिखर’, आणि गजराज हे बुद्धाचं एक बिरुद. त्यामुळे पहिल्या मताचं पारडं थोडं जड वाटतं.

पोचायचं कसं

हेइन्सा दक्षिण ग्यॉंगसांग प्रांतातल्या हापचॉन जिल्ह्यात आहे, पण जायचं देगू शहरावरून. सोलहून केटीएक्स या वेगवान गाडीने दोन तासांच्या आत दोंगदेगू स्टेशन येतं. गडबड होते ती इथेच. स्टेशनाला लागूनच मोठं बसस्थानक आहे आणि लोक तिथेच हेइन्साची बस शोधत बसतात. ती बस सुटते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ‘सोबू’ म्हणजे पश्चिम बसस्थानकातून. स्टेशनाखालून १ क्रमांकाची मेट्रो धरा, थेट त्या स्थानकाशी उतरता येतं. तिथून बसला साधारण दीड तास लागतो. उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बसची वेळ फलकावरून टिपून घ्या. डोंगरात संध्याकाळी टॅक्सी सहज मिळत नाही.

कोरियात गूगल मॅप्सवर पायी वाटेसाठी भिस्त ठेवू नका. नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप ही कोरियन नकाशांची अॅप आधीच मोबाइलवर उतरवून ठेवा. टी-मनी हे आगाऊ पैसे भरायचं प्रवासकार्ड मेट्रोला चालतं आणि बहुतेक बसनाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, आणि त्याला वेळ जातो हे धरूनच तिकिटं काढा.

देवळाचं प्रवेशशुल्क आता नाही. जोग्ये या कोरियातल्या सर्वांत मोठ्या बौद्ध संघाने मे २०२३ पासून आपल्या बहुतेक देवळांतलं वारसा-दर्शनाचं शुल्क बंद केलं. गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे मात्र पडतात. जुन्या प्रवासवर्णनांत तिकिटाचे आकडे दिसले तर सोडून द्या.

बसथांब्यापासून देवळापर्यंत साधारण एक किलोमीटर चढ आहे. पायांत बळ असेल तर आणखी खाली उतरून ‘सोरीगिल’ ही ओढ्याकाठची वाट चालत या. सहा-सात किलोमीटर, अडीच-तीन तास. ‘सोरी’ म्हणजे आवाज, आणि वाटभर पाण्याचाच आवाज सोबतीला असतो. दरीचं नाव होंगन्युदोंग, लाल प्रवाहाची दरी. ऑक्टोबरअखेर मेपलची पानं पेटली की पाणी खरोखर तांबडं दिसतं. त्या दोन-तीन आठवड्यांत शनिवार-रविवारी मात्र जाऊ नका. सगळं देगू तिथे लोटलेलं असतं.

दारं : एकामागून एक

कोरियन डोंगरी देऊळ ही एक इमारत नसते. चढणीवर ओळीने लावलेल्या दारांची आणि अंगणांची ती रांग असते. हे डोंगर निवडण्यामागे ध्यानासाठी शांतता हे कारण होतंच, पण आज एवढी जुनी देवळं डोंगरातच का सापडतात याला राजकारणही कारणीभूत आहे. १३९२ ते १९१० या जोसॉन काळात राज्याचा कल कन्फ्यूशियसच्या विचाराकडे होता. शहरांतली देवळं बंद पडत गेली, भिक्खूंना राजधानीत शिरायला मनाई झाली आणि ती १८९५ मध्ये उठली. डोंगरांत जे होतं ते तगलं.

पहिलं दार इल्जुमुन. ‘इल्जु’ म्हणजे एक खांब. खांब दिसतात दोन, पण बाजूने पाहिलं तर एका रेषेत. चार कोपऱ्यांत चार खांब नाहीत, तरी एवढं जड छप्पर तोललेलं असतं. अर्थ असा की इथून पुढे मन एका रेषेत आणायचं. दाराला कवाडं नसतात. इथे हात जोडून कमरेतून वाकायचं, या नमस्काराला ‘हापजांग’ म्हणतात. तळवे पूर्ण चिकटलेले आणि छातीशी, आपल्यासारखेच.

दुसरं दार चार महाराजांचं, म्हणजे चार दिशांच्या रक्षकांचं. इतर देवळांत डोळे वटारलेल्या, कुणाच्या हाती तलवार तर कुणाच्या हाती वीणेसारखं वाद्य अशा प्रचंड मूर्ती असतात. हेइन्साच्या बोंगह्वांगमुनमध्ये मूर्तींऐवजी चित्रं आहेत. उत्तरेचा रक्षक वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर.

तिसरं हेथालमुन. ‘हेथाल’ म्हणजे विमुक्ती, म्हणून हे मोक्षाचं दार. तिथवर चढायच्या ३३ पायऱ्या त्रायस्त्रिंश स्वर्गातल्या ३३ देवांच्या, असं सांगतात. आपल्याकडच्या तेहतीस कोटींचं मूळही त्याच आकड्यात आहे.

दार ओलांडलं की अंगणात जमिनीवर आखलेला चौकोनी चक्रव्यूह दिसतो आणि लोक हात जोडून त्यातून फिरताना दिसतात. मुलांचा खेळ समजून बाजूने जाऊ नका. सातव्या शतकातल्या उइसांग या भिक्खूने अवतंसक सूत्र या महायान ग्रंथाचं सार २१० अक्षरांत लिहिलं आणि ती अक्षरं एका सलग वळणावळणाच्या रेषेवर मांडली. पहिलं अक्षर ‘धर्म’ आणि शेवटचं ‘बुद्ध’, आणि दोन्ही आकृतीच्या मधोमध शेजारी शेजारी येतात. एवढा फिरून माणूस निघाला तिथेच येतो. चालायचं ते आखलेल्या वाटेनेच, मध्येच रेघ ओलांडून नाही. देवळाचं नावही याच सूत्रातलं आहे. ‘हेइन’ म्हणजे सागरमुद्रा : लाटा शमल्या की समुद्रात सगळं जसंच्या तसं उमटतं, तशी ती समाधी.

बुद्धमंदिरात शिरताना

मुख्य मंदिर देजॉकग्वांगजॉन. बहुतेक देवळांत मुख्य मंदिराचं नाव ‘देउंगजॉन’ असतं आणि आत शाक्यमुनी असतात. अवतंसक परंपरेच्या हेइन्सात मधोमध वैरोचन बुद्ध आहे. देवळाची स्थापना ८०२ सालची, सुनुंग आणि इजॉंग या भिक्खूंनी केलेली. पण समोर दिसतं ते मंदिर १८१७ च्या मोठ्या आगीनंतर बांधलेलं. हेइन्साला आगी अनेकदा लागल्या, आणि कोठार दर वेळी वाचलं.

पर्यटकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मधल्या दाराने आत जाणं. ते दार भिक्खूंसाठी असतं. तुम्ही बाजूच्या दाराने जायचं. उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. चपला बाहेर, आणि मोजे हवेत. अनवाणी जाणं आपल्याकडे आदराचं, तिथे थोडं अघळपघळ वाटतं. शिवाय हिवाळ्यात त्या फरशीवर अनवाणी दोन मिनिटंही उभं राहवत नाही.

तीनदा नमस्कार घालायचा असेल तर कोपऱ्यात रचलेलं चौकोनी आसन घ्या. हात जोडून उभे राहा, गुडघे टेका. मग उजवा हात जमिनीवर, मग डावा, मग कपाळ. डावं पाऊल उजव्यावर आडवं. शेवटी दोन्ही तळवे वर उलटवून कानांच्या पातळीपर्यंत थोडे उचलायचे, बुद्धाचे पाय तळहातावर घेतल्यासारखे. दोन कोपरं, दोन गुडघे आणि कपाळ अशी पाच अंगं जमिनीला लागली की तो नमस्कार पुरा. उठताना हाच क्रम उलटा. वापरलेलं आसन जागेवर ठेवा. आत फोटो काढू नका, फलक दिसो वा न दिसो.

आसपासची छोटी मंदिरं पटकन ओळखता येतात. वाघासोबत पांढऱ्या दाढीचा म्हातारा असेल तर तो डोंगराचा देव, बौद्ध धर्माआधीपासूनचा. सात ताऱ्यांची पूजा होते ते ‘चिलसॉंग’, म्हणजे सप्तर्षी. दीर्घायुष्य मागायला बायाबापड्या तिथेच जातात. मृत्यूनंतरच्या दहा राजांच्या न्यायसभेत मधोमध क्षितिगर्भ बोधिसत्त्व बसलेला असतो.

कोठार

आता मागचा उभा जिना.

आधी मजकूर कुठून आला ते. अकराव्या शतकात खितान लोकांचं आक्रमण झालं, तेव्हा कोरियातल्या त्या वेळच्या गोर्यो राज्याने १०११ मध्ये संपूर्ण चिनी त्रिपिटक, म्हणजे बौद्ध ग्रंथांचा चिनी भाषेतला संग्रह, फळ्यांवर कोरायला घेतलं, बुद्धाच्या कृपेने शत्रू हटेल या श्रद्धेने. ती पहिली आवृत्ती १२३२ मध्ये मंगोलांच्या स्वारीत जळून गेली. राजदरबार तेव्हा गांगह्वा बेटावर पळाला होता. देश जळत असताना दरबाराने काय केलं, तर १२३६ मध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून कोरायला घेतलं. १२५१ मध्ये ते काम पुरं झालं. १३९८ मध्ये त्या फळ्या गायासानवर हलवल्या गेल्या.

फळ्या ८१,२५८ हा आकडा जगभर छापला जातो. अलीकडच्या मोजणीत तो ८१,३५२ आला, कारण नंतर भर पडलेल्या फळ्याही मोजल्या. एक फळी साधारण ७० सेंटीमीटर लांब, २४ सेंटीमीटर रुंद, वजन तीन-चार किलो. दोन्ही बाजूंना मजकूर. एका बाजूला २३ ओळी, ओळीत १४ अक्षरं. म्हणजे एका बाजूला ३२२, एका फळीवर ६४४. गुणाकार केला तर सव्वापाच कोटींच्या आसपास अक्षरं होतात. जाडी टोकाच्या दांड्यासकट चार सेंटीमीटर धरली आणि सगळ्या फळ्या एकावर एक रचल्या तर चळत सव्वातीन किलोमीटर उंच होईल, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट.

‘यात एकही चूक नाही’ हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शक म्हणतो. ते शब्दशः घेऊ नका. चुका सापडल्या तिथे तेवढंच अक्षर खणून काढून त्या जागी नव्या लाकडाचा तुकडा बसवलेला आहे, आणि तरीही थोड्या राहिल्यात. खरी कमाल वेगळीच आहे. सुगी नावाच्या भिक्खूच्या हाताखाली संपादक मंडळींनी चीनच्या सोंग राजवटीची प्रत, खितान प्रत आणि कोरियाचीच जळालेल्या फळ्यांची जुनी प्रत अशा तिन्ही समोर ठेवल्या, शब्दन् शब्द ताडून पाहिला, आणि कुठे कुठला पाठ का घेतला याची नोंद ३० खंडांत लिहून ठेवली. तेराव्या शतकात, युद्ध चालू असताना! कोरणारे कितीतरी, पण अक्षराचं वळण एकाच हाताचं वाटतं.

या संपादनामुळेच विसाव्या शतकात जपानमध्ये चिनी त्रिपिटकाची जी प्रमाण आवृत्ती छापली गेली, तिने हेइन्साचा पाठ पायाभूत धरला. मूळ संस्कृतात हरवलेले कितीतरी भारतीय ग्रंथ आज याच चिनी भाषांतरांतून वाचता येतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतून १९७० मध्ये पु. वि. बापट यांनी विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या, एका अट्ठकथेच्या (टीकेच्या) चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, ते याच चिनी त्रिपिटकातलं. हेइन्साच्या कोठारापासून पुण्याच्या ग्रंथालयापर्यंत असा एक धागा जातो.

आता लाकूड. पूर्वी सगळ्या फळ्या बर्चच्या समजल्या जात. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर त्यांतल्या बहुतेक रानचेरीच्या आणि काही रानटी नासपतीच्या निघाल्या. या लाकडांचा पोत बारीक आणि एकसारखा, म्हणून बारीक रेघ कोरताना कड ढासळत नाही. परंपरा सांगते की ओंडके तीन वर्षं समुद्राच्या पाण्यात मुरवले, मग फळ्या कापून मिठाच्या पाण्यात उकळल्या आणि सावलीत वाळवल्या. मजकूर पातळ कागदावर लिहून तो कागद पालथा चिकटवायचा आणि उलटी दिसणारी अक्षरं उठावात ठेवून भोवतालचं लाकूड काढायचं. कोरून झाल्यावर शाई लावून, वर झाडाच्या चिकाचं रोगण चढवलं.

फळीचा शत्रू म्हणजे वाकणं. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी कपाटाचं दार फुगून बसत नाही आणि मेमध्ये त्याच दारात फट पडते, तोच खेळ. पातळ फळी ओलीने फुगते, कोरडेपणाने आकसते, आणि दोन बाजू सारख्या आकसल्या नाहीत की पन्हाळ होते. उपाय असा : फळीच्या दोन्ही टोकांना जाड लाकडी दांडा बसवला, सांध्यांवर तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या. दांड्याने फळी सरळ राहते. दांडा फळीपेक्षा जाड असल्याने त्याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. फळ्या पुस्तकांसारख्या शेजारी शेजारी उभ्या ठेवल्या की दांडे दांड्यांना टेकतात आणि अक्षरांच्या मध्ये फट राहते. कोरीव भाग एकमेकांवर घासत नाही, आणि प्रत्येक फटीतून हवा धुराड्यासारखी वर चढते.

फळी शोधायची कशी? दांड्यावर ग्रंथाचं नाव, खंड आणि एक चिनी अक्षर कोरलेलं असतं. हे अक्षर हजार अक्षरांच्या एका जुन्या पाठातलं. त्यात एकही अक्षर दोनदा येत नाही आणि मुलं लहानपणी तो घोकून पाठ करत. म्हणजे क्रमांकाच्या जागी सर्वांना तोंडपाठ असलेली अक्षरं वापरली. पाढे वापरून पुस्तकं लावावीत तसं.

आता खिडक्या, ज्यांच्यासाठी १९९५ मध्ये युनेस्कोने या इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. (फळ्यांना वेगळी नोंद मिळाली, २००७ मध्ये.) दोन लांब इमारती समांतर उभ्या आहेत. पुढची सुदाराजांग, मागची बॉपबोजॉन. ‘सुदारा’ म्हणजे आपलंच ‘सूत्र’, आणि ‘बॉपबो’ म्हणजे धर्मरत्न. प्रत्येकी साधारण ६० मीटर लांब, पावणेनऊ मीटर रुंद. दोन्ही टोकांना दोन छोट्या खोल्या, मध्ये अंगण.

पुढच्या भिंतीसमोर उभे राहा. खिडक्यांच्या दोन ओळी आहेत, वर आणि खाली. खालची खिडकी वरचीच्या साधारण चौपट मोठी आहे. आता इमारतीला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी जा. तिथे उलट : वरची खिडकी खालचीच्या दीडपट. हेच सगळं रहस्य. दरीतून चढणारं वारं पुढच्या मोठ्या खालच्या खिडकीतून भरपूर आत येतं, पण मागे खाली तेवढी वाट नसते. ते आत पसरतं, फळ्यांच्या फटींतून वर चढतं आणि मागच्या वरच्या मोठ्या खिडकीतून निघतं. चुलीचा धूर वरच्या झरोक्याने जावा तसं. मागची खालची खिडकी लहान, कारण त्या बाजूला डोंगराचा उतार आणि जमिनीची ओल आहे. सगळ्या खिडक्या सारख्या असत्या तर वारं सरळ आरपार गेलं असतं आणि कोपऱ्यांत हवा कोंडली असती. तावदान नाही, काच नाही, झडप नाही.

खाली जमीन मातीची आहे, आणि तिच्यात कोळसा, चुना, मीठ, वाळू थर देऊन भरलेलं आहे. जून-जुलैच्या पावसात ही जमीन ओल शोषते, कोरड्या हिवाळ्यात थोडी परत सोडते. इमारतीचं तोंड नैर्ऋत्येकडे असल्यामुळे ऊन सगळीकडे फिरतं. उत्तरेचे कडे थंड वारं अडवतात. साडेसहाशे मीटर उंचीमुळे खालच्या दरीतलं धुकंही फारसं वर येत नाही.

विश्वास बसत नसेल तर हे पाहा. १९७० च्या दशकात सरकारने फळ्यांसाठी नवं, आधुनिक काँक्रीटचं कोठार बांधलं. चाचणीसाठी हलवलेल्या फळ्या तिथे बिघडू लागल्या आणि बेत सोडून द्यावा लागला. जुनं कोठार पंधराव्या शतकातलं, आणि त्याला वीज लागत नाही. आगीच्या भीतीने आत दिवेही नाहीत. म्हणून गजांतून पाहताना अंधारच दिसतो.

एकदा मात्र हे सगळं थोडक्यात बचावलं. १९५१ मध्ये कोरियन युद्धात डोंगरात लपलेल्या कम्युनिस्ट गनिमांना उडवण्यासाठी हेइन्सावर बॉम्ब टाकायचा हुकूम आला. हवाई तुकडीचा प्रमुख किम योंग-ह्वान याने तो मानला नाही. देवळाच्या वाटेवर त्याचं स्मारक आहे, बहुतेक लोक न पाहता पुढे जातात.

पाहायचं कसं : अंगणात जायला आणि गजांतून डोकवायला वेगळी परवानगी लागत नाही. डोळे अंधाराला सरावायला एक मिनिट द्या, मग मांडण्यांवर उभ्या फळ्यांच्या दांड्यांची ओळ दिसू लागते. मोबाइलचा दिवा आत मारू नका. फोटोला मनाई आहे आणि पहारेकरी ताबडतोब टोकतात. आत शिरायचं असेल तर २०२१ पासून शनिवार-रविवारी छोट्या गटांसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणीची सोय सुरू झाली. जागा मोजक्या, निघायच्या आधी देवळाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास गेलात तर दुपारी तीनच्या सुमाराला सुदाराजांगच्या घंटेच्या आकाराच्या दाराशी थांबा. दाराची कड आणि वरच्या कौलांची सावली जमिनीवर मिळून कमळ उमटतं. ढग असले तर अर्थातच काही नाही.

संध्याकाळ, आणि मुक्काम

दिवसाची फेरी करून परतणाऱ्यांचं हमखास चुकतं ते संध्याकाळचं वादन. सहाच्या सुमाराला घंटागृहात चार वाद्यं एकामागून एक वाजतात. मोठा नगारा जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, पोटातून पोकळ लाकडी मासा जलचरांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची पाटी पाखरांसाठी आणि अजस्र घंटा नरकातल्या जीवांसाठी. नगाऱ्यावर भिक्खू आळीपाळीने येतात, लय न तोडता. घंटेचे टोल संध्याकाळी ३३, पहाटे २८. पहाट म्हणजे खरोखरच पहाट, तीन-चारची.

ते ऐकायचं तर देवळातच राहावं. ‘टेंपलस्टे’ या नावाने ऑनलाइन नोंदणी होते. एक रात्र, देवळाने दिलेले सैल कपडे, जमिनीवर गादी आणि खालून गरम केलेली फरशी. बायका आणि पुरुष वेगळे. उन्हाळ्यातही रात्री थंडी पडते. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेव्हा शर्टाच्या आतून गरम कपडे हवेत. शिखर चढायचं असेल तर हेइन्सापासून सांगवांगबोंग साधारण चार किलोमीटर. उंची १,४३० मीटर. राष्ट्रीय उद्यानात वाटेवर शिरायची वेळ ठरलेली असते, दुपारनंतर सोडत नाहीत.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी नीट समजून घ्यावं. देवळाच्या आत मांस-मासे नाहीत, शिवाय पाच उग्र पदार्थ वर्ज्य : लसूण, कांद्याची पात वगैरे, आणि पाचवा ‘हुंगगॉ’. हा शब्द चिनीमार्गे आला तो संस्कृत ‘हिंगु’वरून. आपला हिंग! कोरियात तो पिकतही नाही, पण भारतातून गेलेल्या यादीत नाव होतं म्हणून आजवर पाळतात. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारेसुद्धा हिंगाच्या फोडणीला हरकत घेत नाहीत. बाहेर बसथांब्याजवळच्या खानावळींत मात्र ‘रानभाज्यांचं ताट’ म्हणून जे येतं ते शुद्ध शाकाहारी असेलच असं नाही. किमचीत माशाचा सॉस असतो, सूपचं पाणी सुक्या मासळीवर उकळलेलं असतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, मासळीचंही वेगळं विचारावं लागतं.

आत कधी पारंपरिक पद्धतीचं ‘बारू’ जेवण मिळालं तर सोडू नका. एकात एक बसणारी चार लाकडी भांडी असतात : भात, सूप, भाजी आणि पाणी. वाढताना पुरे झालं की हाताने खूण करायची, बोलायचं नाही. पानात काहीही टाकायचं नाही. जेवताना मुळ्याच्या लोणच्याची किंवा किमचीची एक फोड बाजूला जपून ठेवायची. शेवटी गरम पाणी येतं. ते भाताच्या भांड्यात घ्यायचं, त्या फोडीने कडा पुसत पुसत तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवायचं, मग फोड खायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. नवख्याचा चेहरा इथे पडतो. मग चौथ्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्याने भांडी विसळायची, आणि हे विसळलेलं पाणी सगळ्यांच्या एका बादलीत जमा होतं. ते भुकेल्या प्रेतांसाठी असतं. त्यांचा गळा सुईच्या नेढ्याएवढा, शीत अडकलं तर आग होते असं मानतात. म्हणून बादली फिरवणारा भिक्खू पाण्यात वाकून पाहतो, आणि एखादा तिखटाचा कण तरंगताना दिसलाच तर बादली उचलून पुढे जात नाही.